परमवीराने मोकळा केलेला रस्ता



शौर्य म्हटले की शस्त्र उगारून शत्रूवर तुटून पडणारा वीर डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु परमवीर चक्राचे मानकरी रामा राघोबा राणे यांचे शौर्य निराळ्या जातीचे होते. त्यांनी रस्ता मोकळा केला.

कारवारजवळच्या चेंडिये गावी 1918 साली जन्मलेले राणे बॉम्बे सॅपर्सचे. या पलटणीचे केंद्र आपल्याच पुणे जिल्ह्यात, खडकीला आहे. एप्रिल 1948 मध्ये आक्रमकांच्या तावडीत सापडलेल्या राजौरीकडे भारतीय रणगाडे निघाले होते. नौशेरा-राजौरी हा डोंगरातला रस्ता सुरुंगांनी, आडव्या पाडलेल्या पाइन वृक्षांनी आणि उद्ध्वस्त मोऱ्यांनी अडवलेला. रस्ता खुला झाल्याशिवाय रणगाडे पुढे सरकणार नव्हते आणि राजौरीतील नागरिकांची सुटका होणार नव्हती.

8 एप्रिलच्या सकाळी अकराच्या सुमारास राणे यांच्या तुकडीवर तोफगोळे कोसळले. दोन जवान जागीच ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्यांची फेरजुळणी केली आणि कामाला हात घातला. शत्रूच्या मशिनगनच्या माऱ्यात ते रात्री दहापर्यंत राबले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. झाडे स्फोटाने उडवायची, वळणरस्ता काढायचा, पुढचा अडथळा गाठायचा. 11 एप्रिलला सकाळी अकरापर्यंत चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. 12 एप्रिलला राजौरी मुक्त झाली.

परमवीर चक्राची स्थापना 26 जानेवारी 1950 रोजी झाली आणि ते 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमांना लागू करण्यात आले. पदक कांस्याचे, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे. हे रूप साकारले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्म स्वित्झर्लंडचा, परंतु मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून त्यांनी या भूमीची परंपरा आत्मसात केली. वज्र घडले दधीची ऋषींच्या अस्थींतून. लोकांच्या रक्षणासाठी त्यांनी देह दिला. कांस्याला मोल आहे ते त्या स्मरणाचे.

पदक एकाच्या छातीवर झळकते. मात्र त्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी दोघांनी प्राण वेचले होते. राणे यांच्या पराक्रमाची आज तासागणिक माहिती मिळते, याचे कारण ती मानपत्रात नोंदली गेली. जे नोंदले जात नाही, ते एका पिढीत विस्मृतीत जाते.

राणे यांचे 1994 साली पुण्यात निधन झाले. 23 जानेवारी 2023 रोजी अंदमान-निकोबारमधील 21 बेटांना 21 परमवीरांची नावे देण्यात आली. त्यांत राणेही आहेत. शासनाने आपले काम केले. गावाचे काम गावाने करावयाचे आहे. नीरेच्या काठच्या ज्या घरातून कोणी सैन्यात गेला असेल, त्या घरी जावे. भिंतीवरचे पदक पाहून नुसता नमस्कार करून परतू नये. कोणती पलटण, कोणती चौकी, सोबत कोण होते आणि कोण परत आले नाहीत, हे विचारावे, वहीत उतरवून घ्यावे आणि ती वही शाळेत ठेवावी. सांगणारे आहेत, तोवरच हे साधेल.

वंदे मातरम्!