गाठोडे नको, गोधडी द्या



30 सप्टेंबर 1993 ची पहाट निलंग्यातील वडीलधाऱ्यांना सांगावी लागत नाही. किल्लारीच्या भूकंपाने घरे पडली, वर पाऊस लागला, आणि उघड्यावरील माणसांना अंगावर घ्यायला काहीतरी हवे होते. अशा वेळी लोक कपड्यांची गाठोडी देतात. पण फाटके, न धुतलेले कपडे कोणाच्या पुढ्यात टाकणे याला मी दान म्हणणार नाही. जी वस्तू आपण स्वतः डोळे मिटल्याखेरीज घेणार नाही, ती निवडून देऊ नये, असा सूरह बकराच्या 267 व्या आयतीचा आशय आहे.

मग जुने कापड द्यायचेच नाही काय? द्यावे, पण गोधडी करून. दिल्लीत 1999 साली अंशु गुप्ता यांनी सुरू केलेल्या ‘गूंज’ संस्थेने जुन्या कापडाच्या गोधड्या शिवून घेतल्या आहेत. आपल्याला तर हे शिकायला दिल्लीस जाणे नको. आपल्यातील पिंजारी-नद्दाफ बांधवांनी पिढ्यान्पिढ्या गावोगावच्या गाद्या भरल्या, आणि वाकळ शिवणारी आजी कोणत्या घरात नव्हती?

कापड आधी उकळत्या पाण्यात धुवावे. सुती वेगळे, टेरिलिनसारखे वेगळे काढावे. ते घाम शोषत नाही आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. खाली जुने लुगडे किंवा धोतर अंथरावे, मध्ये तुकडे सपाट पसरावेत, घड्या राहू देऊ नयेत, आणि कडेकडून आत धावदोरा घालीत यावे. टाका लहान असला तर गोधडी धुण्याला टिकते. कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी स्त्रिया, ज्यांत कित्येक मुस्लिम आहेत, अशा गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर कापडी फूल लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानीत नाहीत. मला ही गोष्ट फार आवडते. भीक देणारा फूल लावीत बसत नाही.

आणि द्यायची कोणाला? थंडी पडते तेव्हा आपल्या मराठवाड्यातील ऊसतोड कामगार कारखान्याच्या फडावर कोपीत राहतात, लेकरे त्यांच्याबरोबर असतात. ऐन शाळेच्या दिवसांत ती मुले जमिनीवर निजतात. त्यांच्याच वयाची मुले या सभेत बसली आहेत.

मुलग्यांनो, हसू नका. शिंप्याच्या दुकानात सुई पुरुषच धरतो. येत्या रविवारी प्रत्येकाने घरातील एक धुतलेले सुती कापड आणावे. बटणे घरीच काढून ठेवावीत, आईला उपयोगी पडतील.