हौशी छायाचित्रकार आणि त्याचा गाव
(मोहगाव येथील हौशी छायाचित्रकारांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



छायाचित्रण हा एके काळी खर्चाचा छंद होता. फिल्मच्या एका गुंडाळीत छत्तीस चित्रे निघत. ती धुऊन हाती येईपर्यंत चित्र साधले की फसले हे कळण्यास मार्ग नसे. आज मोहगावातील बहुतेक घरांत निदान एक कॅमेरा आहे, मग तो फोनमधला का असेना, आणि चित्र काढण्यास पैसा लागत नाही. परंतु पैसा वाचला त्याबरोबर विचारही वाचविला गेला. एकाच बैलजोडीची चाळीस चित्रे निघतात आणि त्यांतील एकही घरी लावावे असे वाटत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. उपाय नवा कॅमेरा घेण्यात नाही, तो पाहण्याच्या सवयीत आहे.

या बाबतीत मराठी माणसाने दूर जाण्याचे कारण नाही. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते. १९१२ साली लंडनहून ते परत आले तेव्हा भांडवल पुरविणाऱ्यांना या कलेची खात्री पटविणे आवश्यक होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपली. पडद्यावर हा सारा काळ थोड्याच वेळात सरला आणि अंकुराचा वेल झाला. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याची पायाभरणी या वाटाण्याने केली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

त्या प्रयोगातील युक्ती कोणासही साधण्यासारखी आहे. कॅमेऱ्याची जागा बदलू द्यावयाची नाही, एवढीच ती युक्ती. संत्र्याच्या बगीचातील एक झाड निवडावे. बांधावर एक दगड पक्का बसवून त्यावर उभे राहावे, फोन छातीच्या उंचीवर धरावा आणि दर रविवारी सकाळी त्याच वेळी एक चित्र घ्यावे. आंबिया बहाराचे झाड जानेवारी-फेब्रुवारीत फुलते आणि त्याची फळे दिवाळीच्या सुमारास उतरू लागतात. या काळात पस्तीस-चाळीस चित्रे होतील. शाळेच्या विज्ञानवर्गाला याहून चांगले साधन मिळणे कठीण, आणि बागाईतदारालाही पाने कोणत्या आठवड्यात पिवळी पडू लागली हे स्मरणावर न विसंबता दाखविता येईल.

फाळक्यांच्या घरातील दुसरी गोष्ट उजेडाची. सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे अशी कामे तर करीतच, पण चित्रणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हाचा उजेड पात्रांच्या चेहऱ्यावर परतवीत. आज शहरातील दुकानात याच कामासाठी चकाकत्या तबकड्या विकत मिळतात. मोहगावात धुतलेले पांढरे धोतर पुरते. दुपारच्या उन्हात टोपीखालचा चेहरा काळा पडतो. अशा वेळी माणसाला ओसरीच्या किंवा निंबाच्या सावलीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून उभे करावे आणि कमरेच्या उंचीवर कोणी पांढरे कापड धरावे. डोळ्यांखालची काजळी निघून जाते. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर व दुपारी चारपूर्वी शक्य तर चेहऱ्याची चित्रे काढूच नयेत. डोळे मिचकावलेला आजोबा हा फोनचा दोष नसतो.

पांढरी टोपी व पांढरे धोतर यांच्यामुळे आणखी एक अडचण येते. फोनचा कॅमेरा चित्रातील सर्व भागांची सरासरी काढून उजेड ठरवितो. पार्श्वभूमी काळी असेल तर टोपी भगभगीत होऊन तिचा पोत नाहीसा होतो. पाठीमागे लखलखते आकाश असेल तर चेहरा बुडतो. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवून क्षणभर दाबून ठेवावे म्हणजे मोजमाप तेथेच स्थिर होते. नंतर बोट किंचित खाली ओढून उजेड थोडा कमी करावा. काळोखा राहिलेला भाग पुढे काही अंशी उजळता येतो, परंतु जळून पांढरा झालेला भाग कोणत्याही उपायाने परत येत नाही. आणि या सर्वांच्या आधी, सदऱ्याच्या खिशात दिवसभर फिरलेल्या फोनचे भिंग मऊ सुती कापडाने पुसावे. निम्मी धूसर चित्रे तेवढ्याने सुधारतात.

अर्धनारीश्वराच्या मंदिरात चित्र घ्यावयाचे झाल्यास प्रथम पुजाऱ्यांची अनुमती घ्यावी आणि फ्लॅश बंद ठेवावा. फ्लॅशने दगड सपाट दिसतो, समईचा उजेड मरतो आणि दर्शनास आलेल्यांना त्रास होतो तो वेगळाच. फोन खांबाला टेकवून धरावा, श्वास रोखावा आणि बटण हाताने न दाबता तीन सेकंदांच्या विलंबाची सोय वापरावी.

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघालेल्या मुलांची चित्रे मोठी माणसे उभ्याने काढतात. त्यामुळे चित्रात डोकीच तेवढी दिसतात. गुडघ्यावर बसावे. नंदीची चाके, बेगड आणि मुलाचे तोंड एका रेषेत येतात. पोळ्याच्या बैलांचे चित्र घेताना मात्र अंतर राखावे. ज्यांच्याजवळ स्वतंत्र कॅमेरा आहे त्यांनी धावत्या जनावरासाठी सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा वेग ठेवावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीची चित्रे घेण्याचा मोह अनेकांना होतो. तेथे माणसे जबर जखमी होतात, काहींनी प्राणही गमावले आहेत. चित्रासाठी नदीपात्रात उतरू नये, आणि रक्तबंबाळ माणसाचा चेहरा गावोगाव पाठवू नये.

आता ज्या चित्रावर घराचे वर्षाचे गणित अवलंबून असते, त्याविषयी. गारपीट झाली की बागाईतदार खाली पडलेल्या फळांचे चित्र घेतो. चित्र स्वच्छ असते, परंतु ती फळे कोणाच्या बगीचातील, किती झाडांखालची, हे त्यातून कळत नाही. कागदपत्रे तपासणाऱ्या कर्मचाऱ्यासही कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून तीन टप्प्यांत चित्रे घ्यावीत. पहिल्यात विहीर, विजेचा खांब किंवा बांधावरचे ओळखीचे झाड यांसह संपूर्ण बगीचा यावा. दुसऱ्यात एक पूर्ण झाड आणि त्याखालची जमीन. तिसऱ्यात फळावरील मार जवळून, शेजारी एखादे नाणे ठेवून, म्हणजे मापाचा अंदाज येतो. फोनमधील तारीख व वेळ बरोबर आहे, स्थान नोंदविण्याची सोय चालू आहे, हे आधी पाहावे. पीक विमा योजनेत अधिसूचित पिकाचा विमा उतरविला असल्यास अशा स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. तेव्हा चित्रांसाठी दुसऱ्या रविवारची वाट पाहून चालत नाही. ही चित्रे पंचनाम्याची जागा घेत नाहीत, त्याला आधार देतात.

या चित्रांवर संपादनाचा हात मुळीच फिरवू नये. रंग गडद केला, कडा कापली, तरी संशयास जागा होते. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे चित्र पाठविल्यास ते आकसते आणि त्यासोबतची स्थानाची व वेळेची नोंद गळून पडते. म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ या प्रकाराने पाठवावे आणि मूळ प्रत फोनमध्ये तशीच राहू द्यावी.

छंदाच्या चित्रांना संपादन जरूर करावे. त्याची सुरुवात मात्र पुसून टाकण्यापासून होते. चाळीसांतील पाच ठेवावीत. ज्याचे डोळे मिटले, ज्यात कोणाच्या डोक्यातून खांब उगवला, ते चित्र मोहाने बाळगू नये. मग तिरकी झालेली जमीन सरळ करावी, कडेचा नको तो भाग कापावा, सावलीचा भाग जरा उजळावा. येथे थांबणे अनेकांना जमत नाही. संत्रे आणखी नारिंगी, आकाश आणखी निळे करता करता फळ प्लॅस्टिकचे दिसू लागते. चित्र संपादून रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुन्हा पाहावे. आदल्या रात्री सुंदर वाटलेला रंग सकाळी बहुधा अर्ध्यावर आणावासा वाटतो. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्रातील माणूस नाहीसा करता येतो, नसलेला ढग आणता येतो. करमणुकीपुरते ते ठीक. मात्र शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदीत जाणाऱ्या चित्रात असे काही केलेले नसावे.

घरोघरी भिंतींवरील जुनी कृष्णधवल चित्रे ओलीने खराब होत आहेत, तिकडेही हौशी मंडळींनी वळावे. काच काढता येत असेल तर काढावी, चिकटलेली असेल तर ओढू नये. चित्र खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही असे सपाट ठेवावे, फोन त्याला समांतर धरावा, फ्लॅश बंद. चित्राच्या पाठीमागील अक्षरांचेही एक चित्र घ्यावे. पुष्कळदा नाव व साल तेथेच सापडते. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे काम सुट्टीत दिल्यास गावातील वृद्धांकडून नावे विचारून घेता येतील. एक प्रत फोनमध्ये, दुसरी संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि प्रत्येक चित्रासोबत चार गोष्टी मराठीत लिहाव्यात : चित्रात डावीकडून कोण, कोठे, केव्हा, आणि चित्र कोणी काढले.