दाताचा खर्च कार्डावर बसतो का?

गटाच्या बैठकीतून पाच मिनिटं उसंत काढून, नाहीतर चुलीपुढे भाकरी थापता थापता ऐकत असाल. काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आज मी दातांच्या खर्चाबद्दल बोलणार आहे. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करणार आहे.

मागच्या पावसाळ्यात मी एका गटात आरोग्य कार्डाची माहिती द्यायला गेले होते. बोलण्याच्या भरात म्हणून गेले, "बायांनो, कार्ड काढून ठेवा, मग दवाखान्याला एक रुपया लागणार नाही." गटातल्या एका काकूंनी ते शब्द पदराला बांधले. पुढे त्यांची दाढ ठणकायला लागली, तेव्हा कार्ड पिशवीत टाकून त्या तालुक्याला खासगी दातांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी फोटो काढला. कीड नसेपर्यंत गेली होती. रूट कॅनालचे साडेतीन हजार, वर कॅप बसवायची तर तीन हजार वेगळे. काकूंनी कार्ड पुढे केलं. "हे इथे चालत नाही," एवढंच उत्तर मिळालं.

जवळ आठशे रुपये होते. तेवढे देऊन पहिली सिटिंग झाली. दुखणं थांबलं आणि काकू पुन्हा गेल्याच नाहीत. सोयाबीनची काढणी होती, पैसेही नव्हते. पण अर्धवट सोडलेली दाढ आतून सडत राहते. दीड महिन्यानं गाल सुजला, तोंड उघडेना, ताप भरला. पाच दिवस जिल्हा रुग्णालयात काढावे लागले. दाढ गेली, जीव वाचला. घरी भेटायला गेले तर काकू म्हणाल्या, "तू म्हणालीस ना गं पैसे लागत नाहीत, म्हणून मी जुळवलेच नव्हते." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

तेव्हा आज नीट सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांत कुटुंबाला मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. माणशी 5 लाख नाहीत, सगळ्या घराला मिळून. त्याला दोन अटी आहेत: रुग्णालय योजनेतलं असलं पाहिजे आणि उपचार योजनेच्या यादीत असला पाहिजे. ही यादी मुख्यतः भरती होऊन करायच्या मोठ्या उपचारांची आहे. दात भरणं, कीटण काढणं, रूट कॅनाल, कॅप, कवळी ही कामं खुर्चीत बसून होतात आणि आपण त्याच दिवशी घरी येतो. ती साधारणपणे कार्डावर बसत नाहीत. पण अपघातात जबडा मोडला, तोंडाचा कर्करोग निघाला, तर तिथे योजनेचा मोठा आधार आहे. नक्की काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा 155388 या नंबरवर फोन करा. जाण्याआधी विचारा, गेल्यावर नाही.

आता विकत घेतलेल्या विम्याचं. एजंट दारात येतो आणि म्हणतो, "ताई, यात सगळं कव्हर आहे." त्याला विचारा, "दात कुठे लिहिलेत ते दाखवा." बहुतेक साध्या आरोग्य विम्यात अपघातानं झालेली इजा सोडली तर दातांचा खर्च वगळलेला असतो. दातांसाठी वेगळी सोय असेल, तर चार गोष्टी बघा. वर्षाला जास्तीत जास्त किती रुपये मिळतील? घेतल्यापासून किती महिने थांबावं लागेल? कोणत्या दवाखान्यात चालेल? बिलातला आपला वाटा किती? समजा, दातांसाठी वर्षाला हजार रुपये जास्त भरायचे आणि मिळणार जास्तीत जास्त दोन हजार, तेही जिल्ह्याच्या ठिकाणीच. मग ते हजार रुपये गटात साठवलेले बरे की नाही? हिशोब तुम्हीच करा. पॉलिसीबरोबर एक माहितीपत्रक मिळतं. काय मिळेल आणि काय मिळणार नाही, ते त्यात थोडक्यात दिलेलं असतं. ते मराठीत मागा. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परतही करता येते. कंपनी ऐकत नसेल, तर विमा नियामकाचा तक्रारीचा नंबर आहे 155255.

मग दात दुखला तर जायचं कुठे? आधी सरकारी रुग्णालयात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांचे डॉक्टर सहसा नसतात, पण ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. डॉक्टर कोणत्या वारी असतात, ते आशाताईंकडून कळेल. नाहीतर एसटीचं अर्धं तिकीट आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाया. काम मोठं असेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खासगीपेक्षा खूप कमी पैशांत काम होतं. खेपा मात्र जास्त होतात. मुलांसाठी तर शाळेत आणि अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं. ते दातांची कीडही बघतात. पथकानं चिठ्ठी दिली, तर ती कपाटात ठेवू नका.

खासगीत जायचीच वेळ आली, तर खुर्चीत बसण्याआधी विचारा. पूर्ण खर्च किती? सिटिंग किती? फोटो, औषधं, कॅप त्यात धरलंय का? पैसे हप्त्यानं चालतील का? आकडा कागदावर लिहून घ्या. विचारायला लाजायचं नाही. आपण भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, मग इथे गप्प का बसायचं?

आणि पैसे कमी पडले, तर उपचार अर्धवट टाकू नका. गटात सांगा. काकूंच्या प्रसंगानंतर त्या गटानं ठराव केला: दाताचं दुखणंही आजारपणच धरायचं, त्यासाठी अंतर्गत कर्ज लगेच द्यायचं आणि पुढची बैठक होईपर्यंत थांबवायचं नाही. तुमच्या ग्रामसंघात जोखीम निधी असेल, तर तिथेही अर्ज करता येतो. बायका बियाण्याला कर्ज मागतात, मुलांच्या फीला मागतात. स्वतःच्या दाढेसाठी मागायला त्यांना संकोच वाटतो. तो सोडा.

शेवटी दोन गोष्टी. सूज गळ्याकडे उतरली, गिळता येईना, तोंड उघडेना किंवा ताप आला, तर रात्र काढू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि मिश्री. दाढ दुखते म्हणून मिश्री लावणाऱ्या बाया मी रोज बघते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिनं कीड जात नाही, सवय लागते आणि कर्करोगाला वाट मिळते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दाखवून घ्या.

काकू आता बैठकीला येतात. मी कोणत्याही योजनेची माहिती द्यायला लागले, की त्या मध्येच विचारतात, "आणि यात काय बसत नाही, ते सांग आधी." तुम्हीही प्रत्येक योजनेला आणि प्रत्येक एजंटला हाच प्रश्न विचारा. मलासुद्धा विचारा.