जीव घाबरा होतो तेव्हा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी अभ्यास कसा करावा, दहावीनंतर पुढे काय, शिष्यवृत्त्या कोणत्या, अशा विषयांवर आपण ऐकत आला आहात. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो परीक्षेत विचारला जात नाही, परंतु परीक्षेच्या वर्गात मात्र तो हजर असतो. कित्येक घरांतही तो असतो, पण त्याचे नाव कोणी घेत नाही. डॉक्टर त्याला ‘पॅनिक अटॅक’ म्हणतात. आपण त्याला घबराटीचा झटका म्हणू.

प्रथम एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गातील एक मुलगा चाचणी परीक्षेच्या वेळी एकाएकी उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, अंगाला घाम फुटला होता. “सर, मला श्वास येत नाही, मी बाहेर जातो,” असे तो म्हणाला. मी त्याला सर्वांसमोर सुनावले, “अभ्यास केला नाही की अशी नाटके सुचतात. बस खाली.” तो बसला, थरथरत राहिला आणि पेपर कोरा देऊन गेला. पुढे तो शाळेत येईनासा झाला. घरच्यांनी नजर उतरवली, ताईत बांधला. महिन्याभराने तो परत आला, पण माझ्या तासाला खाली मान घालूनच बसू लागला.

या गोष्टीला दोन वर्षे झाल्यावर मी एका सकाळी एस. टी. ने तालुक्याला निघालो होतो. गाडीत गर्दी होती, घाट लागला होता. अचानक माझ्या छातीत धडधड सुरू झाली. घसा आवळला, हातापायांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे सारे धूसर झाले. आता आपला अखेरचा क्षण आला, असे वाटून मी मनातल्या मनात कलमा पढू लागलो. कंडक्टरने गाडी थांबवून मला उतरवले. दवाखान्यात नेले, ईसीजी काढला. तो साफ होता. “काही झालेले नाही, मनाला लावून घेऊ नका,” एवढे सांगून मला घरी पाठवण्यात आले. पण काही झालेले नाही म्हणावे, तर मी मरणाच्या दारात जाऊन आलो होतो! त्यानंतर मी एस. टी. त बसण्याचे सोडले. जुम्याच्या नमाजला पुढच्या सफेत उभा राहणारा मी, दाराजवळची जागा शोधू लागलो. जवळजवळ वर्षभर मी हे घरीही सांगितले नाही. मास्तर माणसाने घाबरतो म्हणून कसे सांगावे? त्या काळात मला तो नववीचा मुलगा वारंवार आठवत असे.

हा झटका म्हणजे काय?

पालकहो, आपल्या शरीरात अल्लाहने संरक्षणाची एक व्यवस्था ठेवली आहे. वाटेत साप दिसला की विचार करण्याआधीच आपण मागे उडी मारतो. त्या वेळी रक्तात अॅड्रेनलिन नावाचे द्रव्य उतरते, हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, स्नायूंना जादा रक्त मिळते. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही तयारी असते. घबराटीच्या झटक्यात नेमकी हीच तयारी होते. फरक एवढाच की, समोर साप नसतो.

आंब्याच्या बागेतील राखणदाराचे उदाहरण घ्या. रात्री पान सळसळले आणि तो “चोर, चोर” म्हणून ओरडला, तर सारी वाडी कंदील-काठ्या घेऊन धावत येते. धावणे खरे, गडबड खरी, पण चोर मात्र नसतो. झटक्याचेही तसेच आहे. छातीतील धडधड खरी असते, घाम खरा असतो. म्हणून त्याला ‘नाटक’ म्हणणे हा अन्याय आहे.

हा झटका एकाएकी येतो आणि बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो. मग हळूहळू ओसरतो. धडधड, घाम, कंप, गुदमरणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, मुंग्या, सभोवतालचे सारे खोटे वाटणे आणि आपण मरणार किंवा वेडे होणार अशी भीती, ही त्याची लक्षणे होत. प्रत्येकाला सर्व लक्षणे होतात असे नाही. बोटे आखडणे व मुंग्या येणे याचेही साधे कारण आहे. भीतीने आपण भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा कमी होतो, आणि त्यातून चक्कर व मुंग्या उत्पन्न होतात. यात लकवा नाही आणि बाधाही नाही.

अनेक देशांत मिळून झालेल्या पाहणीत असे आढळले आहे की, साधारण दर आठ माणसांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी असा झटका येतो. एखादा झटका येऊन गेला म्हणजे आजार झाला असे नव्हे. परंतु झटके वारंवार येऊ लागले, पुन्हा येईल या धास्तीने माणूस बाजार, प्रवास, वर्ग, मशीद टाळू लागला, म्हणजे त्याला आजाराचे रूप येते. हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस वा तरुणपणी सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असते. आपल्या घरातील मुली आणि सुना “जीव घाबरतो” असे सांगतात, तेव्हा ते ऐकून घेणे का जरुरीचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

डॉक्टरांना हे केव्हा उमगले?

अमेरिकेतील यादवी युद्धात धडधड आणि छातीतील कळ यांनी बेजार झालेल्या सैनिकांची तपासणी डॉ. डा कोस्टा यांनी केली आणि 1871 साली त्यावर लेख लिहिला. तेव्हा हा हृदयाचाच विकार समजला गेला. 1960 च्या आसपास न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात डॉ. डोनाल्ड क्लाइन यांना एक मौजेची गोष्ट आढळली. काही रुग्ण दिवसातून अनेकदा “मी मरतो” म्हणत परिचारिकांकडे धावत. त्यांना इमिप्रामिन हे औषध दिल्यावर काही आठवड्यांनी रुग्ण म्हणत, काही फरक नाही. पण परिचारिका म्हणत, आता ते धावत येत नाहीत! पुढे 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र स्थान दिले. 1986 साली इंग्लंडमधील डेव्हिड क्लार्क यांनी त्याचे चक्र उलगडून दाखवले. छातीत जरा धडधडले की माणूस म्हणतो, हा हार्ट अटॅक. त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि धडधड वाढली की तो विचार अधिक खरा वाटतो. हे चक्र तोडणे म्हणजेच उपचार.

आपल्या पूर्वजांनाही हा विषय अपरिचित नव्हता. बल्ख येथील अबू झैद अल-बल्खी हे विद्वान 934 साली निवर्तले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्यात भीती, दुःख, क्रोध आणि मनात घोळत राहणारे विचार यांची चर्चा आहे. माणूस अडचणीच्या वेळेसाठी घरात औषध ठेवतो, त्याप्रमाणे मन शांत असताना चांगल्या विचारांचा साठा करून ठेवावा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. हजार वर्षांपूर्वी आपला एक विद्वान मनाच्या दुखण्याला दुखणे म्हणत होता. मग आपण त्याला ऐब का समजावे?

उपचार कोणते?

पहिली पायरी म्हणजे डॉक्टरी तपासणी. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, रक्तातील साखर कमी होणे, दमा, हृदयाचे काही विकार यांतही अशीच लक्षणे दिसतात. पहिल्यांदाच असा त्रास झाला, वय अधिक असले, छातीतील कळ हातात किंवा जबड्यात जाऊ लागली, तर घबराट आहे असे स्वतःच ठरवू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

दुसरी पायरी बोलण्याच्या उपचाराची. याला विचार-वर्तन उपचार म्हणतात. त्यात झटक्याचे चक्र समजावून देतात, आणि ज्या गोष्टींना माणूस भितो त्यांना पायरीपायरीने सामोरे जायला शिकवतात. मला प्रथम जागच्या जागी धावायला लावले. छाती धडधडली, पण मी मेलो नाही! मग उभ्या एस. टी. त पाच मिनिटे बसणे, मग एका स्टॉपपर्यंत जाणे, मग घाटापर्यंत. तीन महिन्यांनी मी पुन्हा तालुक्याला गेलो. भीती होती, पण ती माझ्या शेजारच्या सीटवर बसली होती, माझ्या उरावर नव्हती.

तिसरी पायरी औषधांची. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालीन यांसारखी औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि आरंभी थोडी मळमळ वा अस्वस्थता होऊ शकते. बरे वाटू लागल्यावरही ती कित्येक महिने चालू ठेवावी लागतात, आणि थांबवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. या औषधांची चटक लागत नाही. झोपेच्या किंवा तात्काळ शांत करणाऱ्या गोळ्या मात्र निराळ्या. त्या तात्पुरता आराम देतात, पण त्यांची सवय जडते. शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नका, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणू नका. रमजानमध्ये औषध आपणहून बंद करू नका. दिवसातून एकदा घ्यायची गोळी बहुधा इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते. डॉक्टरांना विचारा, आणि रोज्याबद्दल मौलवीसाहेबांना विचारा. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे.

झटका आल्यास काय करावे?

मुलांनो, हे नीट ध्यानात ठेवा. जागेवरच बसा, पळू नका. श्वास हळू सोडा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यास अधिक वेळ द्या. मनाशी म्हणा, “हा झटका आहे, आला तसा जाईल.” समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्या. जिक्र करून मन स्थिर होत असेल, तर अवश्य करा. एरवी झोप पुरेशी घ्या. कडक चहा-कॉफी आणि बाटलीतील उत्तेजक पेये कमी करा, कारण त्यांनी धडधड वाढते.

जवळच्यांनी गर्दी करू नये, ओरडू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपायही आता करू नये. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला तो घातक ठरू शकतो. शेजारी बसावे आणि “मी इथेच आहे” एवढे म्हणावे.

दवा आणि दुआ

आता थोडे नाजूक बोलतो. दुआ सोडा असे मी म्हणत नाही. मी स्वतः ती सोडलेली नाही. पण दुआ करून दवा टाळणे हे शहाणपणाचे नव्हे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खाजगी निवासगृहाला आग लागली. तेथे साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांपैकी 28 जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या नातेवाइकांनी त्यांना श्रद्धेनेच तेथे नेले होते. याउलट गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 2008 च्या सुमारास ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. तेथील मुजावर दुआही करतात आणि रुग्णाला तेथेच बसणाऱ्या डॉक्टरांकडेही पाठवतात. आपल्या गावातही असे होण्यास काय हरकत आहे?

आणि कृपा करून कोणाला “तुझा इमान कमजोर आहे” असे म्हणू नका. मधुमेह झालेल्याला आपण असे म्हणतो काय? मुलीचे लग्न जमणार नाही या भीतीने दुखणे लपवले जाते, आणि लपवलेले दुखणे सासरी जाऊन अधिक चिघळते.

मदत दूर नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. 10 ऑक्टोबर 2022 रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. त्यावर मराठीत बोलता येते. तसेच 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा उपचाराचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे.

शेवटी त्या मुलाविषयी. मी बरा झाल्यावर त्याच्या घरी गेलो. त्याच्या वालिदांसमोर त्याची माफी मागितली आणि माझी हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, तुम्हाला पण होतं?” त्या प्रश्नात जो सुटकेचा सूर होता, तो मी विसरणार नाही. पुढच्याच आठवड्यात बापलेक माझ्याबरोबर जिल्ह्याच्या दवाखान्यात आले.

आज या सभागृहात असा एखादा मुलगा किंवा मुलगी नक्कीच बसलेली असेल. तिने आज घरी जाऊन “अम्मी, माझा जीव घाबरतो” असे सांगितले, आणि अम्मीने तिचे म्हणणे पुरते ऐकून घेतले, तर माझे हे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.