बोरघाटाचा रस्ता आणि रस्त्याची माणसे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



बोरघाटाच्या रस्त्याचा इतिहास सांगताना बहुधा १८३० सालापासून आरंभ केला जातो. त्या वर्षी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हा घाट चाकाच्या वाहनांना खुला केला. परंतु ही वाट त्याहून कितीतरी जुनी. घाटमाथ्यावरील कार्ल्याच्या लेण्यांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत यवन आहेत, व्यापारी आहेत, एक सुतारही आहे. त्याच लेण्यांशेजारच्या एकवीरेला कोकणातले आगरी-कोळी चैत्रात पालख्या घेऊन घाट चढून येतात. वाट प्रथम पडली ती अशा पावलांनी; गव्हर्नर फार उशिरा आले.

घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना डोंगरातला मार्ग दाखविला, बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि गोळी खाल्ली, अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी, याचा वाद इतिहासकारांनी घालावा. येणारेजाणारे चालक मात्र आजही त्या धनगरापुढे हात जोडतात. माल्कमसाहेबापुढे कोणी जोडत नाही.

रस्ता सुधारला म्हणजे त्याच्या कडेचा माणूसही सुधारतो, असे गृहीत धरले जाते. बोरघाटाचा अनुभव निराळा आहे. चाकाचा रस्ता होण्यापूर्वी मीठ वर जाई, कापूस खाली येई, तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. गाडीरस्ता झाला आणि तांड्यांचा पिढीजात धंदा गाडीवानांकडे गेला. पुढे अशाच भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा कायदेशीर शिक्का बसला. महाराष्ट्रात बंजारा आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. गाडीवानांचेही दिवस फार टिकले नाहीत. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत. मधला घाट काही वर्षे पालख्या आणि तट्टे ओढत होती. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पुरा झाला आणि तेही काम संपले. त्या लोहमार्गावर १८६१ साली चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने त्यांतले किती गेले याची धड मोजदादही झाली नाही. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी त्यांनी दंगा केला, ही मात्र नोंद आहे. या देशातील कामगारलढ्यांचा आरंभ गिरण्यांच्या फाटकाशी शोधणाऱ्यांनी एकदा हा घाट चढावा.

विसाव्या शतकात मोटारी आल्या, तसा जुन्या रस्त्याला पुन्हा जीव आला. चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकाने, खाणावळी, करवंदे-जांभळे घेऊन कडेला बसणाऱ्या ठाकूर-कातकरी बायका: एक अख्खे जग त्या वाहतुकीवर उभे राहिले. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला. त्यावर बैलगाडीला, दुचाकीला, तीनचाकीला आणि पायी चालणाऱ्याला मज्जाव आहे. ज्यांच्या पावलांनी वाट पडली, त्यांनाच ती बंद झाली. चाळीस पावलांवरच्या गावातला माणूस तारेच्या कुंपणाआडून गाड्या पाहतो.

येथे एक व्यावहारिक मुद्दा कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावयाचा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीनमालकाबरोबर कूळ, शेतमजूर आणि कारागीर यांनाही बाधित मानले. मात्र त्यांची उपजीविका संपादन होणाऱ्या क्षेत्रावर तीन वर्षे तरी अवलंबून असली पाहिजे. हे पाऊल पुढचेच आहे. परंतु ज्याची एक वीतही जमीन गेली नाही, केवळ समोरची वाहतूक दुसरीकडे वळविल्याने ज्याची टपरी बसली, तो या व्याख्येत कोठेच सापडत नाही. नव्या रस्त्याची मोजणी सुरू होते तेव्हा तलाठ्याच्या दप्तरात सातबारा असतो, टपरीवाल्याचे नाव नसते. ती यादी मोजणीच्या आधी गावोगाव कार्यकर्त्यांनीच करावयास हवी.