बचावफळीतला अन्वर
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



गोव्यात राहून फुटबॉलवर बोलायचे म्हणजे गोवेकरांना मासळी कशी खावी ते शिकवण्यासारखे आहे. तरीही आज आम्ही एका बचावपटूविषयी बोलणार आहोत. त्याचे नाव अन्वर अली.

पंजाबातल्या आदमपूरचा हा मुलगा, जन्म 2000 चा. मिनर्व्हा अकादमीत तो घडला. 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा तो आपल्या संघात होता. आपण तिन्ही सामने हरलो, पण हा उंचापुरा बचावपटू नजरेत भरला. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये कोटिफ स्पर्धेत आपल्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला 2-1 असे हरवले, तेही दहा खेळाडूंनिशी. विजयी गोल अन्वरचा, थेट फ्री किकवर.

मुंबई सिटीशी करार झाला, राष्ट्रीय संघाचे दार दिसू लागले. आणि 2019 मध्ये तपासणीत हृदयाचा दोष निघाला. हृदयाचा स्नायू जाड होतो, जोराच्या श्रमात ठोक्यांची लय बिघडू शकते. वय एकोणीस. महासंघाने खेळ थांबवायला सांगितले.

महासंघ निष्ठुर होता, असे आम्ही म्हणणार नाही. 2004 चा डिसेंबर इथे कोण विसरेल? बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात आपल्या धेंपोचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर गोल करता करता कोसळला, तो पुन्हा उठला नाही. चषक गोव्यात आला, पण आनंद कुणालाच झाला नाही. असा प्रसंग पुन्हा नको, ही भीती खरीच होती.

पण ज्याला दुसरे काही येत नाही, त्याने काय करावे? 2020 मध्ये अन्वर दिल्ली उच्च न्यायालयात गेला. अंतिम निर्णय होईपर्यंत त्याला खेळण्याची मुभा मिळाली आणि पुढे वाट मोकळी झाली. दिल्ली एफसीकडून तो पुन्हा उभा राहिला. 2022 च्या जानेवारीत एफसी गोवाने त्याला आणले. महामारीमुळे तेव्हा स्टेडियम रिकामे होते; आम्ही त्याला दूरदर्शन संचावरच पाहिले. मार्चमध्ये बहारिनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला आणि 14 जूनला कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने गोल केला. तो सामना आपण 4-0 असा जिंकला. पुढच्या मोसमात फातोर्ड्याचे दरवाजे उघडले, तेव्हा त्याला प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला.

ही गोष्ट ऐकून कुणी डॉक्टरांचे ऐकू नका असा अर्थ काढील, तर तो चुकीचा ठरेल. अन्वरला मोकळीक मिळाली ती तपासण्या झाल्यावर, धोका समजून घेतल्यावर. प्रत्येकाचे हृदय वेगळे, प्रत्येकाचा निर्णय वेगळा.

आपल्या घरांतली मुले-मुली आता मैदानावर उतरतात, याचा आम्हाला अभिमान आहे. बूट घेऊन देतो, शिकवणीची फी भरतो. त्याच वेळी एकदा हृदयाची तपासणीही करून घेऊ. खेळताना कुणाला चक्कर आली, छातीत दुखले, तर 'ऊन लागले असेल' म्हणून सोडून देऊ नये. कोसळलेल्या माणसाची छाती कशी दाबावी, हे मंडळातल्या दहा जणांना तरी यायला हवे. पुढच्या उत्सवात एक सकाळ त्यासाठी ठेवावी, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे.

विघ्नहर्ता पाठीशी आहेच. पण बचावफळी आपणच उभी करायची असते.

गणपती बाप्पा मोरया!