दुष्काळ सरल्यावर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)



१९७२ च्या दुष्काळाची आठवण शासनदरबारी यशाची कहाणी म्हणून सांगितली जाते. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि १९४३ साली बंगालमध्ये मृत्यूने जे थैमान घातले तसे येथे घडले नाही. हे खरे आहे. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या कुटुंबांनी त्या उन्हात खडी फोडली, त्यांच्या उंबरठ्यावरून पाहिले तर हिशेब निराळा लागतो.

मराठवाड्यातील किंवा सोलापूर-नगरकडील एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या शेतावर मजुरी. पाऊस हुकला की प्रथम मजुरी बुडते, कारण पीकच नाही तिथे खुरपणी कसली आणि काढणी कसली? मग बियाण्यासाठी राखलेली ज्वारी जात्यात जाते. शेळ्या जातात, तांब्या-पितळेची भांडी जातात, आणि शेवटी बैल बाजारात उभे राहतात. सारा मुलूख एकाच वेळी विकायला निघालेला असतो आणि कडब्याला सोन्याचे मोल आलेले असते. त्यामुळे बैल मातीमोलाने जातो. पाऊस पडताच प्रत्येकाला बैल हवा असतो, आणि भाव चढतो. स्वस्तात विकून महागात घेणे हा व्यवहार गरिबाच्याच वाट्याला येतो.

दुष्काळी कामावर नवरा-बायको दोघेही गेली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी ही कामे. सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो हे अन्न. मजुरी मापावर मिळे. माप घेणारा ओव्हरसियर, हजेरी मांडणारा मुकादम, आणि त्यांच्यापुढे निरक्षर मजुराचा अंगठा! पगार लांबला की दुकानदाराची उधारी चढे, आणि पगार हाती पडला की तो दुकानदाराकडे जाई. म्हणूनच ठिकठिकाणी मोर्चे निघाले, घेराव पडले. काम ही सरकारची भीक नसून मजुराचा हक्क आहे, ही जाणीव त्या खडीच्या ढिगाऱ्यांवर जागी झाली.

वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा जो प्रयोग केला होता, त्याला या जाणिवेचे बळ मिळाले. १९७५ साली व्यवसाय कर बसवून शहरी पगारदाराकडून ग्रामीण मजुरासाठी पैसा उभा करण्यात आला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली संसदेने देशासाठी असा कायदा केला, त्याच्यापुढे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

येथवरची हकीकत अभिमानाची आहे. पण दुष्काळ सरल्यावर त्या कुटुंबाचे काय झाले? पाऊस आला तेव्हा घरी बैल नव्हता, बियाणे नव्हते. होते ते फक्त देणे. ज्याने बैल गमावला, त्याची जमीनही पुढे दुसऱ्याच्या नांगराखाली गेली. अशा कित्येक जोडप्यांनी ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेतली आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड गाडीत घालून साखर कारखान्यांची वाट धरली. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’! माणसांची मोजणी हत्याराने होऊ लागली. मुलांची शाळा मोडली, आणि हंगाम संपल्यावरही उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षाचे श्रम आधीच गहाण पडले.

आणि त्यांनी खोदलेल्या पाझर तलावाचे पाणी? ते खालच्या अंगाला ज्याची विहीर होती, त्याच्या विहिरीत पाझरले. तलाव मजुरांच्या घामाचा, बागायत मात्र जमीनमालकाची. संकटात श्रम सर्वांनी केले, संकटातून निर्माण झालेली संपत्ती मोजक्यांची झाली. कामाचा हक्क मिळाला तरी त्या कामातून जे उभे राहते त्यावर हक्क नसेल, तर पुढच्या दुष्काळात तेच कुटुंब पुन्हा त्याच खडीवर येऊन बसणार.

याहून निराळे काही घडू शकते, हे पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने दाखविले. त्याच दुष्काळानंतर सुरू झालेल्या या प्रयोगात पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता माणसांवर ठरला : माणशी अर्धा एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा मिळाला आणि उसाला मज्जाव झाला. प्रयोग थोड्या गावांपुरता राहिला, पण त्यातील तत्त्व लहान नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे दोन कामे आहेत. पहिले नित्याचे : कामाची मागणी लेखी नोंदवून तिची पोच घेणे, हजेरीपट वाचून दाखविणे, मापाच्या वेळी मजुरांच्या बाजूने उभे राहणे. दुसरे अधिक कठीण : जे तळे मजुरांनी बांधले त्या तळ्याच्या पाण्याचा प्रश्न ग्रामसभेत मांडणे. पहिल्या कामाला गावचे पुढारी फारसा विरोध करणार नाहीत. दुसऱ्याला करतील, कारण तेथे प्रश्न दयेचा राहत नाही, मालकीचा होतो. समाजवादी चळवळीची कसोटी त्याच ग्रामसभेत लागणार आहे.